धम्मयात्रा कशी करावी?

(जूचंद्र येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या खेपेस मी या वस्तीत आलो होतो, तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. सभा संपली होती, चहा चालला होता. ती म्हणाली, "काका, आता आपण जत्रेला जायचे नाही, तर मग जायचे कुठे?" तिच्या आईने तिला डोळ्यांनीच दटावले. मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु नायगाव स्टेशनपर्यंत चालत जाईतो तो प्रश्न माझी पाठ सोडीना. आजचे माझे भाषण म्हणजे त्या मुलीला उशिराने दिलेले उत्तर आहे, असे आपण समजावे.

हा प्रश्न पोरकट नाही. आपल्या कुटुंबांचे सारे वर्ष जत्रांनी बांधलेले असे. त्या निमित्ताने अंगावर नवे कापड येई, सासरी गेलेल्या मुली भेटत, पोरांना पाळण्यात बसावयास मिळे, बायकांच्या हाती बांगड्या चढत. देवापुढे आपल्याला कोठवर जाऊ देत, ही गोष्ट निराळी. पण दिवस आनंदात जाई, हे नाकारण्यात अर्थ नाही. दीक्षा घेतल्यावर देव सुटला आणि त्याच्याबरोबर तो दिवसही सुटला. या गावच्या टेकडीवर चंडिकादेवीचे मंदिर आहे. दूरदूरची माणसे तेथे येतात. येथल्या रांगोळी काढणाऱ्या कलावंतांचे नावही सर्वत्र आहे. शेजाऱ्यांच्या श्रद्धेशी आपले भांडण नाही आणि त्यांच्या कलेचा तर आपल्यालाही अभिमान वाटावा. परंतु आपल्या घरातला जो कोनाडा रिकामा झाला, तो रिकामा राहणार नाही, हे ध्यानात घ्या. एक तर जुने मागल्या दाराने परत येईल, नाहीतर आपण नव्या ठिकाणांवर जुनाच संस्कार चढवू. पोराचा परीक्षेचा निकाल चांगला लागावा म्हणून चैत्यभूमीवर डोळे मिटून मागणे मागणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना मी हसत नाही. मात्र ज्या महापुरुषाने रात्रीचा दिवस करून अभ्यास केला, त्याच्याजवळ अभ्यासावाचून पास होण्याचे मागणे मागावे, याचे मला वाईट वाटते.

तर मग जायचे कुठे आणि जायचे कसे? याचे उत्तर दगडावर कोरलेले आहे, आणि तो दगड आपल्या येथून फार दूर सापडलेला नाही. नायगावला विरारकडील गाडीत बसा. पहिले स्टेशन वसई रोड, दुसरे नालासोपारा. हे सोपारा म्हणजे पाली ग्रंथांतील सुप्पारक, प्राचीन काळचे मोठे बंदर. येथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुटका भाग मिळाला. पुढे 1956 साली, म्हणजे ज्या वर्षी नागपुरास बाबासाहेबांनी आपल्याला दीक्षा दिली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. योगायोगावर माझा भर नाही. पण हे साल मुलांना पाठ करावयास सोपे जाईल.

आता या दोन लेखांत आहे काय? सोपाऱ्याच्या शिळांवर थोडीच अक्षरे उरली आहेत, पण हेच लेख गिरनार व इतर ठिकाणी अधिक चांगले राहिले असल्याने आशय पुरता कळतो. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकारीला आणि मौजेला जात. त्याने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीची, म्हणजे बोधगयेची, यात्रा केली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या धम्मयात्रेत तो काय करीत असे? श्रमण आणि ब्राह्मण यांना भेटणे व दान देणे, वृद्धांना भेटणे व त्यांना द्रव्य देणे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटणे, त्यांना धम्म सांगणे आणि धम्माविषयी विचारपूस करणे. आपल्या 'दर्शन' या शब्दाचेच जुने रूप तेथे आले आहे. सम्राट दर्शन घेतो ते कोणाचे? म्हाताऱ्या माणसांचे आणि गावकऱ्यांचे! आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या दर्शन म्हणजे दाराबाहेर उभे राहून लांबून कळस पाहणे, एवढेच समजत आलो.

नवव्या लेखाचा विषय तर आपल्या घरातलाच आहे. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मले म्हणजे, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडे असते, असे अशोक म्हणतो. दासांशी व नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, दान, हा खरा मंगलविधी, असे त्याचे सांगणे आहे. निरर्थक विधींच्या संदर्भात त्याने स्त्रियांचा उल्लेख केला आहे. भगिनींनी त्याच्यावर रागावू नये. विधी बायका करतात हे खरे. पण 'पाहुणे काय म्हणतील' असे म्हणून तो करावयास लावणारे बहुधा पुरुषच असतात. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावरही नारळ, लिंबू, मुहूर्त यांची पुडी घरात कोठे लपवून ठेवली आहे, ते ज्याचे त्याने पाहावे.

आता सोपाऱ्याच्या स्तूपाकडे वळू. पश्चिमेच्या बाजूस गावात एक टेकाड होते. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या व सुपे विणणारा. एवढ्या मोठ्या वास्तूचा धनी म्हणून लोकांच्या आठवणीत टोपल्या विणणारा राजा राहावा, ही गोष्ट मला फार विचार करावयास लावते. पण त्यावरून इतिहास रचण्याचा मोह मी टाळतो. 1882 च्या एप्रिलमध्ये भगवानलालांनी हे टेकाड खणले तेव्हा ते विटांचे स्तूप निघाले. मध्यभागी दगडी पेटी होती. तिच्या आत तांब्याचा करंडक, आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या लहान लहान आठ धातूच्या मूर्ती मांडलेल्या. त्यांतल्या सात मूर्ती विपस्सीपासून गौतमापर्यंतच्या सात बुद्धांच्या व आठवी मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. बरोबर सोन्याची फुले आणि सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे होते. मूर्ती नाण्याच्या मानाने बऱ्याच अलीकडच्या ठरतात. तेव्हा कोणीतरी मधल्या काळात हा ठेवा उघडून, त्यात भर घालून, पुन्हा आदराने बंद केला असला पाहिजे.

आणि त्या सोन्याच्या करंडकात काय होते? रत्ने नव्हती, मोती नव्हते. मातीच्या भांड्याची तेरा बारीक खापरे होती. ती भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राची असावीत, अशी ती ठेवणाऱ्यांची श्रद्धा होती, असे भगवानलालांनी मानले. ती खरोखर त्याच पात्राची आहेत की नाहीत, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही, आणि बौद्धाने सिद्ध न झालेल्या गोष्टीची शपथ वाहू नये. मला बोलावयाचे आहे ते निराळेच. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर थुंकी पडून वाट विटाळू नये म्हणून आपल्या पूर्वजांना गळ्यात मडके अडकवून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. एका काळी या देशात मातीचे भांडे माणसाच्या गळ्यात बांधले गेले ते त्याला हीन ठरविण्यासाठी. त्याच्या कितीतरी आधी, येथून दोन स्टेशनांवर, मातीच्या भांड्याचे तुकडे सोन्यात ठेवले गेले. कारण एका माणसाने त्या भांड्यात घरोघरचे अन्न घेतले होते, असे लोक मानीत होते. ही दोन मडकी मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवा. धर्मांतर का केले, हे त्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

हा ठेवा मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे गेला. फोर्ट भागात 1833 साली बांधून झालेला टाऊन हॉल आहे, तेथे. तो नेहमीच मांडून ठेवलेला असतो असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. चौकशी करण्यास लाजू नका. दहा-बारा कुटुंबांनी मिळून शुद्ध मराठीत एक अर्ज लिहावा, खाली सर्वांनी सह्या कराव्यात. स्त्रियांनीही कराव्यात. 'आम्हांला पाहावयाचे आहे' एवढे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या मनातला दरवाजा बाहेरच्या दरवाजापेक्षा जड असतो. माझ्या आईची गोष्ट सांगतो. ती साठीच्या पुढे गेलेली असता मी तिला एका मोठ्या शहरातील संग्रहालय दाखवावयास नेले. पायऱ्यांशी येताच तिने चपला काढून हातात घेतल्या आणि म्हणाली, "आत येऊ देतील का रे?" मी तिकीट दाखविले, तेव्हा ती आत आली. एका दालनात बुद्धांची पाषाणमूर्ती होती. तिने पुढे होऊन चरणांना स्पर्श केला, तोच तेथला रखवालदार ओरडला, "हात लावू नका!" तिने हात असा मागे घेतला, जणू विस्तवावर पडला. बाकावर जाऊन बसली. कितीतरी वेळ बोलली नाही. हे शब्द तिने सारा जन्म विहिरीवर, दुकानात, दारात ऐकलेले होते. मी तिला सांगितले, हा नियम सर्वांना आहे; हाताच्या घामाने दगड झिजतो, म्हणून कोणीच हात लावावयाचा नाही. तिने विचारले, "बामणाला पण?" मी म्हटले, "त्याला पण." तिला ते पटेना. उठून ती दालनाच्या दाराशी उभी राहिली आणि पाहत राहिली. थोड्या वेळाने कोट घातलेले एक गृहस्थ आले, त्यांनी एका मूर्तीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि रखवालदार त्यांच्यावरही तस्साच ओरडला. आईचा चेहरा खुलला. "चल," म्हणाली, "आता सगळं बघू." त्यानंतर तिने दोन तास एकेक मूर्ती पाहिली, आणि मला उत्तर देता येणार नाहीत असे प्रश्न विचारले. "याचा हात कोणी तोडला? याच्या पायाशी बसलेली बाई कोण?" मी घरी येऊन पुस्तके उघडली ती त्या प्रश्नांमुळे.

आपले वाडवडील 1927 साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी गेले. 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात बसले आणि वर्षानुवर्षे बसून राहिले. ते दार उघडले नाही. परंतु त्या सत्याग्रहाने माणसे उभी राहिली, आणि 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी त्या दाराकडे पाठ फिरविण्याचा निश्चय बोलून दाखविला. ज्या समाजाने दारासाठी एवढे सोसले, त्याच्या मुलांनी उघड्या दारासमोरून नुसते निघून जावे काय? चर्चगेटला उतरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. 1922 साली ते लोकांना खुले झाले. 1998 पर्यंत त्याचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम असे होते. सोपाऱ्याचे अशोकाचे लेख या संग्रहालयात आहेत. सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपातून आलेल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती तेथे आहेत, गांधार देशातील पाषाणमूर्ती आहेत. सिंध आणि गांधार आज आपल्या देशात नाहीत. पण धम्म तेथवर होता, हे मुलांना नकाशा हाती देऊन दाखविता येते. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते, तिची चौकशी करावी.

दादरला उतरलात, तर पूर्वेस हिंदू कॉलनीत 'राजगृह' आहे. बाबासाहेबांनी हे घर बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी, आणि नाव दिले मगधाच्या जुन्या राजधानीचे, जेथे भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर पहिली संगीती भरली. घर पुष्कळांनी बांधले; पण पुस्तकांना राहावयास जागा हवी म्हणून घर बांधणारा आपल्यात एकच निघाला. तेथे जाल तेव्हा मुलांना विचारा की आपल्या घरात पुस्तकांसाठी किती वीत जागा आहे. पश्चिमेस समुद्रकाठी चैत्यभूमी. 7 डिसेंबर 1956 रोजी तेथे बाबासाहेबांच्या पार्थिवावर अग्निसंस्कार झाले. 5 डिसेंबर 1971 रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते तेथल्या स्मारकाचे उद्घाटन झाले. 6 डिसेंबरच्या गर्दीत आपण जातोच, आणि जावेच. त्या दिवशी शिवाजी पार्कावर मांडलेली पुस्तकांची दुकाने पाहून कोणाचेही मन भरून येईल. परंतु वर्षातून एखादे वेळी साध्या दिवशीही जावे. गर्दी नसताना वृद्धांना बसता येते आणि त्यांच्याकडून जुन्या गोष्टी ऐकता येतात. आपल्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आजवर कोणी लिहून घेतलेल्या नाहीत. अशोकाने वृद्धांचे दर्शन घेतले ते उगीच नव्हे.

बोरिवलीच्या अरण्यातील कान्हेरीविषयी थोडे अधिक बोलतो. ती लेणी शंभराहून अधिक आहेत. लोक तेथे डबे घेऊन जातात, मोठ्या बुद्धमूर्तीपुढे छायाचित्र काढतात आणि परततात. मी म्हणतो, भिंतींवरची अक्षरे शोधा. ती ब्राह्मी लिपीत आहेत, वाचता येणार नाहीत. पण विद्वानांनी वाचून ठेवली आहेत. त्यांत दान देणाऱ्यांची नावे व गावे आहेत: सोपारा, कल्याण, चेऊल. दान देणारे नुसते राजे नव्हेत. व्यापारी आहेत, भिक्षू व भिक्षुणी आहेत, कल्याणचा सोनार आहे, लोहारही आहे. लोकांनी आपल्या कमाईतून कोणी गुहा कोरविली, कोणी वाट बांधली, कोणी पाण्याची पोढी खोदविली. त्या पोढ्या आणि खडकातून पाणी वळविणारे पन्हळ आजही पाहावयास मिळतात. ज्यांच्या आज्यांनी पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीची वाट पाहिली, त्यांनी कष्टकऱ्याने दान दिलेले हे टाके जवळ उभे राहून पाहावे. पावसाळ्यात गेल्यास पाणी वाहताना दिसते. मात्र दगड फार निसरडे होतात, लहान मुलांचा हात सोडू नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बुद्ध तर मनात आहे. त्यांना मी दोन प्रवाशांची आठवण देतो. पहिला आपल्या सोपाऱ्याचाच, बाहिय दारुचीरिय. लाकडाची वल्कले नेसणारा हा मनुष्य सुप्पारकात पूज्य मानला जाई. लोक त्याला अर्हत म्हणत. त्याच्या मनात शंका आली, की मी खरोखर तसा आहे काय? पूजा सोडून तो थेट श्रावस्तीला गेला, भिक्षेला निघालेल्या भगवंतांना रस्त्यातच गाठले आणि उपदेश मागितला. भगवंतांनी दोनदा 'ही वेळ नव्हे' म्हटले, तरी त्याने तिसऱ्यांदा विचारले. सोपाऱ्याच्या माणसाची ही जिद्द! दुसरा प्रवासी चीनचा, ह्युएनत्संग. सातव्या शतकात तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. परत जाताना त्याने 657 ग्रंथ नेले, आणि ते सुरक्षित ठेवण्यासाठी 652 साली त्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या शिआन शहरात, विटांचा उंच मनोरा उभा राहिला. तो अजून उभा आहे. तेथल्या शाळांची मुले तो मनोरा, त्याच्या पायथ्याचे विहार आणि शहरातले संग्रहालय पाहावयास जातात, आणि त्यांना शिकविले जाते की हे ज्ञान भारतातून आले. चीनमध्येच लोयांग येथील श्वेताश्व विहाराच्या आवारात भारताने सांचीच्या धर्तीवर एक बुद्धमंदिर बांधून दिले. 2010 साली त्याचे उद्घाटन त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. शिआनच्या मुलाला जे ठाऊक आहे, ते जूचंद्रच्या मुलाला ठाऊक नसावे काय? त्याला तर सोपाऱ्याला जाण्यास थोडाच वेळ लागतो.

म्हणून आता ठरवू. ज्या कुटुंबांना शक्य आहे, त्यांनी महिन्यातला एक रविवार धम्मयात्रेसाठी राखून ठेवावा. पहिली यात्रा सोपाऱ्याची. खर्च फार नाही. ज्याच्याजवळ तेवढाही नसेल त्याचे तिकीट इतरांनी न बोलता काढावे. नवे कपडे खुशाल घालावेत, पोरांसाठी खाऊ घ्यावा, लेकीबाळींना माहेरी त्याच दिवशी बोलवावे. नारळ, हळद, कुंकू घरी ठेवावे. फुले वाहावयाची असल्यास ती वाहावीत; तो आदर आहे, लाच नव्हे. स्तूपापाशी सर्वांनी त्रिशरण-पंचशील म्हणावे, नंतर कोणीतरी अशोकाचे दोन्ही लेख सोप्या मराठीत समजावून सांगावेत. हे काम वडीलधाऱ्यांनी न करता शाळेत जाणाऱ्या मुलींकडे द्यावे, असे मी सुचवितो. प्रत्येक मुलाने एक वही न्यावी आणि घरी येताना तिच्यात निदान एक प्रश्न लिहून आणावा. उत्तर लिहिलेच पाहिजे असे नाही. परत निघताना आवारातला आपला कागद, आपली साल आपण उचलावी. आणि ज्या मुलीने मला प्रश्न विचारला, ती आज येथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. पहिल्या यात्रेची वही तिच्याकडे राहील. पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता नायगाव स्टेशनच्या पुलाखाली जमावे. मी तेथे असेन.